धूळ वजा करून

इबादान
८ जानेवारी २०१७

साबिउ,

जिवंत आहेस ना? तुझा फोन कायम बंद. जोसच्या थंडीत गोठून गेला असशील, तर निदान तुझ्या कॉलेजाने आम्हाला कळवायला हवं होतं. आतेभाऊ म्हणून थोडंफार रडले असते. फार नाही.

फोन लागला नाही हेही बरंच झालं म्हणा. फोनवर मी भांडते. काल तुझ्या आईशी, माझ्या ग्वाग्गो आत्याशी, भांडले. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही, म्हणून ईमेल लिहिते आहे.

ग्वाग्गोने झारियाहून फोन केला होता. बाबा आजारी आहेत हे तुला माहीत असणारच, आपल्या घरात सगळं सगळ्यांना माझ्याआधी माहीत असतं. छातीत पाणी झालंय, काढलं, पुन्हा भरतंय. "ये," म्हणाली. मी म्हटलं, "ज्या माणसाला लेकीच्या लग्नासाठी दोन गल्ल्या ओलांडवल्या नाहीत, त्याच्यासाठी मी अर्धा देश ओलांडून का येऊ?" त्यावर ती जे बोलली ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. म्हणाली, "आला होता तो. मागे कडुलिंबाखाली उभा होता. साबिउच्या फोटोत आहे, बघ डोळे असतील तर."

साबिउ, मी आत होते. नवरी आतच असते. बाहेर तानीमू काकांच्या दारात पुरुषांनी माझं लग्न लावलं, कोलाच्या बिया वाटल्या, खजूर वाटले, आणि मला कळलं ते बायकांनी ललकाऱ्या दिल्या तेव्हा. बाबांच्या वतीने काका बसले होते, कारण बाबांनी निरोप पाठवला होता: लग्न लावून टाक, मी येणार नाही. लावून टाक! जुनी खाट विकून टाक म्हणावं तसं. का, तर मुलगा इबादानचा, योरुबा, लांबचा. आमच्यात माणसं संपली का, म्हणून. आई असती तर तिने त्यांना दंडाला धरून आणलं असतं. ती नव्हती.

तर त्या दिवशी बाहेर कोण होतं, कोण नव्हतं, हे मला तुझ्या त्या एका फोटोवरूनच माहीत. आणि ग्वाग्गो? ती तर माझ्या शेजारी बसून माझ्या पायांची मेंदी खरवडत होती. तिला भिंतीपलीकडचा कडुलिंब कुठून दिसला? विचारलं तर म्हणते, "मला माहीत आहे." काकांना फोन केला. ते म्हणतात, "आला असेल बाई, गर्दी होती." आला असेल!

कालपासून तो फोटो किती वेळा उघडला असेन. त्या दिवशी हरमटानचा धुळीचा वारा असा सुटला होता की पुढच्या दोन रांगा दिसतात आणि मागे सगळं ताक. कडुलिंब तिथे आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून तो मला दिसतो. त्याच्या बुंध्याजवळ काहीतरी उभं आहे, हे मात्र खरं. माणूस असेल. पोतंही असेल.

तू म्हणे फोटोतली धूळ काढण्यावर पीएचडी करतो आहेस. तुझी आई सगळ्या गल्लीला सांगते, आणि गल्लीला वाटतं की तू कुठल्याशा स्टुडिओत फोटो पुसायला बसतोस. तर पूस बाबा. हा एक पूस.

आणि हे चेष्टेत घेऊ नकोस. ते तिथे उभे असतील तर मी पोरीला, सिदिकातला, घेऊन मिळेल त्या बसने झारियाला येते. नसतील तर येत नाही. मग मला कोणी फोन करू नका, आजारपणाचा नको आणि त्यानंतरचाही नको.

झुवैरा


जोस
१३ जानेवारी २०१७

झुवैराबाई,

इबादानचा काळा आमाला खाऊन तुझी जीभ जास्तच तिखट झाली आहे. तुझ्या नवऱ्याची, मुफ्ताउची दया येते. फोन बंद होता कारण परीक्षा होत्या. गोठलो नाही, तुझं रडं वाचलं.

आधी एक गोष्ट नीट समजून घे, कारण मला या 'पुसण्या'चा आता कंटाळा आलाय. फोटोतली धूळ फोटोवर बसलेली नसते, फडक्याने जाणारी. ती असते माणूस आणि कॅमेरा यांच्या मधल्या हवेत. म्हणून फोटोच्या प्रत्येक ठिपक्यात थोडा माणूस असतो आणि थोडी धूळ. जवळच्या माणसात धूळ कमी, लांबच्यात जास्त. मी करतो ते एवढंच: प्रत्येक ठिपक्यात धूळ किती आहे ते ओळखायचं, तेवढी वजा करायची, आणि उरेल त्या माणसाला पुन्हा उजळ करायचं.

धूळ किती, ते कसं ओळखायचं? हेच खरं कसब. स्वच्छ हवेत काढलेल्या फोटोचा कुठलाही चिमूटभर तुकडा घे. त्यात काही ना काही काळं सापडतंच. केस, सावली, विटांमधली फट, पानाखालचा अंधार. मग ज्या तुकड्यात काळं काहीच सापडत नाही, तिथे धूळ आहे असं समजायचं. ही युक्ती माझी नाही, जगभर वापरतात. आपल्याकडची धूळ पिवळट असते, तिला ती जुळवून घेतली, हे माझं. त्याच्यावरच माझा प्रबंध उभा आहे आणि त्याच्यावरच माझी आई गल्लीत मिरवते.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील, म्हणून सांगतो. फोटो मी काढला, मी बाहेरच होतो, मग मला मामा दिसले नाहीत का? नाही दिसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जो तो मुंडाशाचा शेव तोंडावर घेऊन उभा होता. सगळे पांढऱ्या झग्यात. त्या दिवशी माझा सख्खा भाऊ शेजारी येऊन उभा राहिला असता तरी मी त्याला सलाम करून विचारलं असतं की आपण कुठले.

आता फोटोचं. सोबत पाठवतो आहे. बघ, कडुलिंब कसा पानापानांनी बाहेर आला आहे! भिंतीवरचा जुना निवडणुकीचा कागदसुद्धा वाचता येतो. आणि बुंध्याजवळ आहे तो माणूसच आहे, पोतं नाही.

पण झुवैरा, त्याच्या अंगातला झगा गडद आहे. राखाडी-निळा म्हणावा असा. मामांना तू माझ्याहून जास्त ओळखतेस. जन्मभर दुसऱ्यांच्या झग्यांवर भरतकाम केलं, रंगीत, चकचकीत, गिऱ्हाईक मागेल तसं. पण स्वतः सणासमारंभाला पांढऱ्याशिवाय दुसरं कापड त्यांनी अंगाला लावलेलं मला आठवत नाही. तो मामा नव्हे.

मला वाईट वाटतं आहे. दुसरं काही निघावं म्हणून मी आकडे बदलून बदलून पाहिले. तेच निघतं. यंत्राला तुझा रागही कळत नाही आणि माझ्या आईचा हट्टही. जे आहे ते दाखवतं.

साबिउ


इबादान
१४ जानेवारी २०१७

साबिउ,

फोटो मिळाला. आभार.

ग्वाग्गोला सांग, डोळे आहेत मला. बसमधल्या जागा सोडून दिल्या. हो, राखून ठेवल्या होत्या, तुझं उत्तर यायच्या आधीच. मूर्ख आहे मी. सिदिकातला सांगून बसले होते की आजोबांकडे जायचं. तिने पिशवीत स्वतःची चप्पल आणि एक कांदा भरून ठेवला होता. काल तो कांदा मी आमटीत घातला आणि तिने भोकाड पसरलं.

आणि जाता जाता एक. यंत्राचं एवढं कौतुक सांगतोस, तर तानीमू काकांना कोळशाच्या गाडीवरून उतरवल्यासारखं का केलंस? त्यांचा तो झगा आदल्या दिवशी मी स्वतः इस्त्री केला होता, निखाऱ्यांच्या इस्त्रीने, जीव मुठीत धरून, कारण पांढऱ्यावर ठिणगी उडाली असती तर त्यांनी माझ्या लग्नात माझाच जनाजा काढला असता. तुझ्या फोटोत सगळी पुढची रांगच राखेत लोळून आल्यासारखी दिसते. इमामसाहेब हे बघतील तर म्हणतील, असल्या लोकांसमोर लावलेला निकाह धरायचा की नाही ते विचारून येतो.

बाकी काही लिहायचं नाही.

झुवैरा


जोस
२२ जानेवारी २०१७

झुवैरा,

तुझं पत्र वाचून मी मनसोक्त हसलो. कोळशाची गाडी मी वर्गात सांगितली, पोरंही हसली. तोच फोटो पडद्यावर लावला होता, कडुलिंब दाखवायला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण त्यांचे झगे कोणत्या रंगाचे होते?" मी म्हटलं, "पांढरे." आणि म्हणता म्हणता मी पुन्हा पडद्याकडे वळलो.

पांढऱ्या झग्यात काळं काय असतं? काहीच नसतं. छातीपासून घोट्यापर्यंत पांढरं. यंत्र तुकड्या-तुकड्यात काळं शोधतं. झग्यात ते सापडत नाही. मग ते म्हणतं, अरे, ही तर निव्वळ धूळ. आणि झगाच वजा करून टाकतं! काका काळे पडले ते म्हणून. आणि जे पुढच्या रांगेतल्या काकांचं झालं, तेच मागे कडुलिंबाखालच्या माणसाचं झालं असणार. त्याचा झगा गडद नव्हता. तो मी गडद केला.

ज्यांनी ही युक्ती काढली त्यांनी ती रस्त्यांवर, डोंगरांवर, इमारतींवर तपासली होती. ते ठीक आहे, त्यांच्याकडे तेच असेल. पण मी कुठला? जिथे दर शुक्रवारी अख्खं गाव पांढऱ्यात मशिदीकडे निघतं, तिथला. मी माझी रीत झाडांवर तपासली, मातीच्या भिंतींवर तपासली, गुरांच्या बाजारावर तपासली. आपल्या माणसांवर तपासलीच नाही. आणि वर तुला सांगितलं, यंत्र आहे ते दाखवतं. मला माझीच लाज वाटते आहे. तुझ्यासमोर तर जास्तच, कारण तू हे मी मरेपर्यंत सोडणार नाहीस.

मी सगळं पुन्हा केलं. या वेळी झगे कुठे आहेत ते हाताने आखून यंत्राला सांगितलं: इथे धूळ समजू नकोस, हे कापड आहे. काका पुन्हा पांढरे झाले. मागचा माणूसही पांढरा झाला. उंच आहे, जरा पुढे झुकून उभा आहे, तोंडावर शेव ओढलेला. म्हणजे तो मामा असू शकतो. किंवा झारियातला कुठलाही उंच माणूस. चेहऱ्याच्या जागी नुसती भुरभुर आहे, जितकी ताणावी तितकी वाढते.

शनिवारी मी झारियाला गेलो होतो, समोरासमोर विचारून टाकायचं ठरवून. मामा खूप वाळलेत. बसूनच झोपतात, आडवं झालं की श्वास कोंडतो. आई वाटीतून बाजरीचं पातळ कुनू पाजते, तर दोन घोटांनंतर हात वर करतात. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं, जोसच्या बटाट्यांचं विचारलं. तुझं नाव माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. पण त्या घरात मामांसमोर तुझं नाव काढायचं नाही, हा नियम आहे ना? परत येताना गाडीत माझ्या लक्षात आलं की तो नियम त्यांनी कधी केलाच नव्हता. आपण सगळ्यांनी मिळून केला, आणि मीही तो पाळून आलो.

बाहेर आल्यावर आईला म्हटलं, "मी विचारणार होतो." तर तिने माझं मनगट धरलं. "विचारून काय करतोस? आणि नाही म्हणाला तर?"

म्हणजे तिलाही माहीत नाही, झुवैरा. ती कोणाकडून ऐकून बोलली नव्हती.

मग तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. म्हणाली, "तुझ्याकडे त्याचे दुसरे फोटो आहेत ना? ईदचे?" म्हटलं, आहेत. "मग त्यातलं तोंड काढून यात चिकटव. एवढा शिकलास, तेवढं येत नाही?" मी म्हटलं, "आई, ते खोटं होईल." तर म्हणते कशी, "खोटं तर तू आधीच केलंस, काळा झगा घालून. आता जरा चांगलं खोटं कर."

येतं मला ते. एका दुपारचं काम आहे, आणि तुला कधी कळलंही नसतं. केलं नाही. का नाही केलं ते मला नीट सांगता येत नाही, पण केलं नाही.

साबिउ


इबादान
२५ जानेवारी २०१७

साबिउ,

का नाही केलंस?

तुझं पत्र वाचल्यापासून मला हाच एक प्रश्न पडलाय आणि दुसरा कुठला पडतच नाही. येत होतं ना? मग करून टाकायचं, आणि मला सांगायचं नाही. चेहरा थोडा पुसट ठेवायचा, मी म्हटलं असतं हो, हेच ते, आणि बसमध्ये बसले असते. ग्वाग्गोला माझं मन कळलं, तुला नाही कळलं. इतक्या शिकलेल्या माणसाला एवढं साधं कळू नये?

मला जायचं आहे. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आज तुला सांगते. पहिल्या दिवसापासून जायचं आहे. पण मी सगळ्यांदेखत तोंडाने बोलून बसले आहे की त्या दारात पाय ठेवणार नाही. लग्नाच्या रात्री बोलले, सिदिकात झाली तेव्हा ते आले नाहीत तेव्हा बोलले, त्यानंतर दर ईदला बोलले. आता कुठल्या तोंडाने जाऊ? मला काहीतरी हातात हवं होतं. 'ते आले होते, मला माहीत नव्हतं, माझं चुकलं' म्हणून जाता आलं असतं. माझीच चूक निघाली असती तरी मला चाललं असतं.

मुफ्ताउ काल म्हणाला, "तुला तुझ्या वडिलांकडे जायचं तर जा, फोटोची परवानगी कशाला मागतेस?" मी त्याच्यावर ओरडले. त्याला काय जातंय बोलायला! त्याचे वडील रोज संध्याकाळी आमच्याच ओट्यावर बसून रेडिओ ऐकतात.

साबिउ, तू अजूनही करू शकतोस. मला सांगितलंयस म्हणून काय झालं? आता मला माहीत असलं तरी मी त्या फोटोकडे बघून विसरेन. माणसं याहून मोठ्या गोष्टी विसरतात.

झुवैरा


जोस
२६ जानेवारी २०१७

झुवैरा,

नाही करणार.

तू लिहिलंस म्हणून मी काल संध्याकाळी ईदचा फोटो उघडला होता. मामांचा चेहरा कापून बाजूलाही काढला. छान बसला असता. पण मग मला वाटलं, तू येशील ती त्या कडुलिंबाखालच्या माणसाला भेटायला येशील. आणि घरात बसलेत ते मामा वेगळेच आहेत. त्यांना हे ठाऊकही नसेल की तू दुसऱ्याच कोणाला माफ करून आली आहेस.

माझ्या धंद्यातली एकच गोष्ट मी तुला खात्रीने सांगू शकतो. माणसाकडून थोडासा जरी उजेड कॅमेऱ्यापर्यंत पोचला असेल, तर मी त्याला धुळीतून ओढून बाहेर काढीन, वेळ लागेल पण काढीन. पण जिथे काहीच पोचलेलं नाही, तिथून यंत्र जे काढतं ते यंत्राच्या मनचं असतं. त्या चेहऱ्याचं काहीच पोचलेलं नाही. आता त्या फोटोतून तुला कोणी काही काढून देणार नाही, मी नाही आणि माझ्याहून हुशार माणूसही नाही.

मूळ फोटो पाठवतो आहे, धुळीसकट, हात न लावलेला. तो तेवढा खरा आहे.

यायचं तर ये, नाही तर नको येऊस. पण ते फोटोवर टाकू नकोस. आणि कुठल्या तोंडाने म्हणतेस, तर आहे त्याच तोंडाने. त्या घरात ते कोणाला नवीन नाही.

आईचा सकाळी फोन होता. मामा आता कुनूसुद्धा नको म्हणतात. भिंतीकडे तोंड करून बसतात.

साबिउ


झारिया
५ फेब्रुवारी २०१७

साबिउ,

आले. तुला कळलंच असेल, ग्वाग्गोने पहिला फोन तुलाच केला असणार, नाहीतर मशिदीच्या भोंग्यावरून तरी सांगितलं असेल.

बाबांना मी आधी ओळखलं नाही. दारातून उशांच्या ढिगात कोणीतरी टेकवून ठेवलेलं दिसलं, आणि मी मागे वळून ग्वाग्गोला विचारणार होते की बाबा कुठे आहेत. तेवढ्यात ते म्हणाले, "कधी निघालीस?" मी म्हटलं, "काल पहाटे." "लोकोजाच्या पुढे रस्ता कसा आहे?" म्हटलं, खराब आहे. "हं," म्हणाले. बस्स. इतक्या वर्षांनी आम्ही रस्त्याबद्दल बोललो. मी बाहेर पाण्याच्या रांजणापाशी जाऊन तोंड धुतलं, आणि बराच वेळ धुतलं.

पुढचे दिवस असेच गेले. औषधं, उशी वर-खाली, पाय चेपणं. ते माझ्याकडे पाहत नव्हते आणि मी त्यांच्याकडे. सिदिकात दारातून डोकावायची आणि पळायची. काल मात्र तुझ्या आईच्याने राहवलं नाही. तानीमू काका आले होते, आम्ही सगळे बाबांच्या खोलीत. ही एकदम म्हणाली, "झुवैरा, तो फोटो दाखव ना त्याला. लग्नाचा."

मी नको म्हणणार होते. पण फोन तिने माझ्या हातातून घेतलासुद्धा. बाबांना चष्मा लावून दिला, फोटो समोर धरला आणि कडुलिंबावर बोट ठेवलं. "हा बघ. हा तूच ना? मागे उभा होतास. ही पोरगी हे बघून आली एवढ्या लांबून." आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दंड असा दाबला की मला इथून दिसला. काकाही म्हणाले, "अरे हो, गर्दी होती तेव्हा."

साबिउ, सगळं आयतं ताटात वाढून ठेवलं होतं. त्यांनी नुसती मान हलवायची होती. बोलायचेही कष्ट नव्हते. आणि खरं सांगते, मी मानलं असतं. तू लिहिलेलं सगळं माहीत असूनही मी ते मानलं असतं, आणि जन्मभर मानत राहिले असते.

ते पुष्कळ वेळ बघत राहिले. फोन जवळ घेतला, लांब धरला. मला राहवेना. मी विचारलं, "कोण आहे तो, बाबा?"

ते म्हणाले, "मला कसं कळणार? मी तिथे नव्हतो."

तुझी आई जी तडकली! म्हणाली, याच्या डोक्यात पाणी गेलंय, डॉक्टरला बोलवा. कुनूची वाटी घेऊन तरातरा बाहेर गेली. काकांना एकदम घरी काहीतरी काम आठवलं. खोलीत आम्ही दोघंच राहिलो.

"हे सांगून आणलं तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." खरं तर तसं नव्हतं. तुझ्या शेवटच्या पत्रानंतर मी निघाले ती काही हातात नसतानाच निघाले. पण त्यांना ते कुठून सांगत बसू?

"मी आलो नव्हतो," ते म्हणाले. मध्ये मध्ये श्वास घेत, एकेक वाक्य. "रागात होतो. दुपारी नेहमीसारखा जेवलो आणि झोपलो. उठलो तेव्हा तुझी गाडी गेली होती."

जेवलो आणि झोपलो. साबिउ, कोणीतरी अंगावर गार पाणी ओतावं तसं वाटलं. मी मनात काय काय रचलं होतं! ते झगा घालून दारात बसले असतील, पाऊल उचललं नसेल, आतल्या आत रडले असतील. त्यातलं काही नव्हतं. ते जेवले होते. झोपले होते. माझ्या लग्नाच्या दिवशी माझ्या बापाला गाढ झोप लागली होती.

मला राग यायला हवा होता. मी थांबले त्याची वाट बघत. पण मला दुसरंच काहीतरी वाटत होतं. इतक्या वर्षांत मला सगळे चांगलं चांगलं सांगत आले. ग्वाग्गो, काका, मुफ्ताउच्या घरचे, सगळे. आला असेल. मनात असेल. प्रेम आहे गं त्याचं. आणि हा एकटा माणूस, दोन श्वासांत एक वाक्य बोलता येतं त्याला, समोर फुकटची माफी ठेवलेली, ती घेत नाही. मी त्यांचं बोलणं ऐकलं आणि पहिल्यांदा मला त्यांचा एक शब्द पूर्ण खरा वाटला.

"मग आता?" त्यांनी विचारलं. ते घाबरले होते. मी बाबांना घाबरलेलं याआधी कधी पाहिलं नव्हतं. "आता जाशील?"

"आता आलेच आहे," मी म्हटलं.

त्यांनी चटईवरचे पाय हळूहळू ओढून घेतले. सुजलेत ते खूप, दोन्ही हातांनी उचलून एकेक बाजूला केला. मला कळायला जरा वेळ लागला की ते मला बसायला जागा करत होते. मी बसले. बाहेर तुझी आई भांडी आपटत होती.

मुफ्ताउला कळवलं आहे की मी इथेच राहते. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत, पण ते ग्वाग्गोला सांगू नकोस, तिने ठरवलंय की आहेत. तुला जमेल तेव्हा ये. येताना बटाटे आण, ते खाणार नाहीत पण बघतील.

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी माझी ओढणी धरली. दाराकडे बघत म्हणाले, "तिला आत बोलाव. लांबूनच बघून पळते. तिने मला अजून जवळून पाहिलेलं नाही."

झुवैरा